पावसाळ्यानंतर जुन्या पद्मिनीची दुरुस्ती

गोव्यात प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटार सांभाळणाऱ्याला धावलेल्या किलोमीटरांपेक्षा दमटपणाचा हिशोब अधिक ठेवावा लागतो. चार महिन्यांचा पाऊस, खारी हवा आणि मडगार्डच्या आत घट्ट बसणारा तांबडा चिखल यांमुळे कमी चालणारी गाडीही झिजते. किंबहुना फोंड्याला आमच्या घरी असलेल्या १९८४ सालच्या गाडीचा अनुभव असा, की ती उभी राहते तेव्हाच अधिक बिघडते. म्हणून दसऱ्याच्या सुमारास आभाळ मोकळे झाले की काम हाती घ्यावे, आणि ते रंगापासून नव्हे, ब्रेकपासून सुरू करावे.

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून ‘शू’ दाबून धरतात. सपाट जागी गाडी जॅकवर उचलून ती भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकू नये किंवा हवेच्या प्रेशरने उडवू नये, कारण शूवरच्या जुन्या लायनरमध्ये, म्हणजे घासणाऱ्या पट्टीत, आरोग्याला घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची रबरी टोपी अलगद उचलून पाहावी. आत ऑइलची ओल दिसली, तर रबरी वॉशर निकामी झाले असे समजावे आणि सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले असतील, तर नुसते रबरांचे किट न बदलता पूर्ण सिलिंडर नवा घालावा. ब्रेकच्या रबरांना पेट्रोल किंवा डिझेल लावू नये, कारण त्याने ती फुगतात. पेडल सोडल्यावरही एखादे चाक जखडून राहत असेल, तर शू तपासताना ऑइल नेणाऱ्या रबरी नळीकडे, म्हणजे होजकडेही संशयाने पाहावे. बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून सुजून ऑइल परत येऊ देत नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ या प्रतीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पण ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते, आणि घाट उतरताना पेडल अचानक पोकळ लागण्याचे एक कारण हेच असते. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर सगळ्या चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या भागापासून) सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करावी. गंजलेल्या लोखंडी नळ्यांच्या जागी तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या घालणे ही माझ्या मते आपल्या हवेत सर्वांत मोलाची सुधारणा आहे.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुनी रबरे त्याला टिकत नाहीत. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत.

हेडलाइट मंद असतील, तर मोठे बल्ब घेण्याआधी मल्टिमीटरने बॅटरीवरचा आणि बल्बच्या होल्डरवरचा व्होल्टेज मोजावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच अधिक फरक आढळला, तर अर्थिंगच्या, म्हणजे तारा गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या, जागा पत्रा चकाकेपर्यंत घासून घट्ट कराव्यात, त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी आणि दिव्यांना फ्यूजसह रिले (छोट्या प्रवाहाने चालणारा वेगळा स्विच) बसवावा, म्हणजे सगळा प्रवाह जुन्या स्विचमधून जाणार नाही.

ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्यास हरकत नाही, मात्र मूळ भाग जपून ठेवावेत. इंजिनच बदलायचे असेल, तर वाहतूक खात्याची परवानगी आधी घ्यावी. दरवाज्यांच्या तळाची पाणी निघण्याची भोके तारेने मोकळी करावीत, कारण पत्रा तिथूनच आतून सडू लागतो.

सगळे जोडून झाल्यावर रिकाम्या सपाट रस्त्यावर हळू वेगाने पाच-सहा वेळा ब्रेक लावावा, आणि थांबल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन उष्णता अजमावावी. एखादा इतरांहून फार तापला किंवा अगदी थंड राहिला, तर ते चाक पुन्हा उघडावे आणि तोवर गाडी चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात घालू नये.