योग्य निर्णय घ्यायचा कसा, विशेषतः घाई असते तेव्हा

बरोबर काय नि चूक काय हे माहीत नसतं म्हणून माणूस चुकतो असं मला नाही वाटत. खोटं बोलू नये, विश्वास मोडू नये हे लहान पोरालाही कळतं. आपण चुकतो ते घाईत, आणि स्वतःला सूट देताना. म्हणून मी वापरतो ती पद्धत सांगतो.

पहिलं म्हणजे थांबा. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना छोटं भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं आणि वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला. भरपूर वेळ आहे असं ज्यांना सांगितलं होतं त्यातले ६३ टक्के मदतीला थांबले आणि उशीर झालाय म्हणून पळवलेल्यांपैकी फक्त १० टक्के. त्यातल्या काहींना तर वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसावरच बोलायचं होतं! ही मुलं वाईट नव्हती हो, घाईत होती. म्हणून कुणी "आत्ताच्या आत्ता सांग" म्हणून मागे लागलं की मी आधी तासभर मागून घेतो, आणि तो मिळत नसेल तर एवढी घाई नक्की कुणाच्या सोयीची आहे ते विचारतो.

आता समजा सहकाऱ्याच्या रिपोर्टमधला एक आकडा चुकलेला तुम्हाला दिसला, रिपोर्ट संध्याकाळी बाहेर जाणार आहे आणि तो सहकारी तुमचा मित्र आहे. काय करायचं?

आधी तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिलंय आणि अंदाज काय बांधलाय ते कागदावर वेगवेगळं लिहा. आकडा चुकलाय हे पाहिलं, मुद्दाम चुकवलाय हा अंदाज. निम्मी भांडणं इथेच मिटतात. मग याचा परिणाम कुणाकुणावर होईल ते लिहा, आणि जे समोर नाहीत त्यांची नावं आधी, कारण मित्राचा चेहरा दिसतो पण त्या आकड्यावर विसंबून पैसे लावणारा माणूस दिसत नाही.

त्यानंतर चार तत्त्वं लावून बघा. वैद्यकीय नीतिशास्त्रात टॉम बीचम आणि जेम्स चिल्ड्रेस यांनी ती १९७९ मध्ये मांडली, पण कुठेही कामाला येतात: समोरच्याचा स्वतःचं स्वतः ठरवायचा हक्क, कुणाला इजा न करणं, भलं करणं आणि न्याय. यातलं एक तत्त्व कायम वरचढ असं काही नसतं, ती एकमेकांशी भांडतात आणि खरी कसोटी तिथेच असते. अशा वेळी मी बघतो की कुठलं नुकसान नंतर भरून काढता येणार नाही, ते टाळायला आधी धावायचं. मित्राला दोन दिवस राग येईल, तो जाईल, पण बाहेर गेलेला चुकीचा आकडा परत आणता येत नाही. म्हणून आधी त्यालाच एकटं गाठून सांगायचं, दुरुस्त करायची संधी द्यायची, पण रिपोर्ट जायच्या आतली वेळ ठरवून, आणि नाही केलं तर मी वर सांगणार हेही त्याच वेळी सांगायचं. पाठीमागून तक्रार नको आणि गप्प बसणंही नको.

स्वतःला सूट देतोय का हे तपासायला सोपा उपाय आहे. तुम्हाला न आवडणाऱ्या माणसाने हेच केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं, हे प्रत्येकाचं होतं, माझंही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये हेच फार काटेकोरपणे मांडलं होतं, की ज्या नियमाने तू वागतोस तो सगळ्यांचा नियम झालेला तुला चालेल का? "सगळेच करतात" हे याचं उत्तर नव्हे.

दबाव वरून आला तर नाही म्हणायचं वाक्य आधीच पाठ करून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही आणि भीड भिकेची बहीण. माझं वाक्य: "हे मला करता येणार नाही, त्याऐवजी एवढं करून देतो."

आणि इतकं करूनही चुकलात तर माफी मागताना "पण" हा शब्द काढून टाका. काय केलं, कुणाला त्रास झाला, आता काय दुरुस्त करतोय, एवढंच बोला, आणि दुरुस्ती त्याच दिवशी सुरू करा.