भांडणांचा अभ्यास: नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

‘शांतता आणि संघर्ष निराकरण शिकणार’ असं घरी सांगितलं की पहिला प्रश्न पगाराचा येतो आणि दुसरा, ‘म्हणजे ध्यानधारणा वगैरे का गं?’ पगाराकडे नंतर येते. ध्यानधारणा ज्याची त्याने करावी; अभ्यासात मात्र दिवसभर भांडणंच वाचायची असतात. जमिनीची, पाण्याची, सीमेची, जातीची.

मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून तत्त्वज्ञानात एमए केलं आणि संघर्षाचा अभ्यास त्याला जोडून घेतला. तुम्हाला युद्ध, शस्त्रास्त्रं, परराष्ट्र धोरण यांत रस असेल तर त्याच आवारातला संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आधी बघा. तोडगा न्याय्य आहे हे ठरवायचं कसं, हा प्रश्न डोक्यात घोळत असेल तर तत्त्वज्ञानाकडे या.

या विषयात योहान गाल्टुंगला टाळता येत नाही. १९५९ साली ऑस्लोत शांतता संशोधनाचं काम सुरू करणाऱ्या या माणसाने १९६९च्या एका लेखात ‘संरचनात्मक हिंसा’ ही कल्पना मांडली. कुणी कुणावर हात उगारलेला नसतो, तरी व्यवस्थाच अशी असते की काही माणसं उपाशी राहतात, लवकर मरतात. त्याआधी, १९५५ मध्ये, आर्ने नेस या तत्त्वज्ञाबरोबर त्याने गांधींच्या राजकीय नीतिविचारावर पुस्तक लिहिलं होतं. त्यामुळे नॉर्वेतून निघालेला अभ्यासक गांधी जिथे तुरुंगात होते त्या येरवड्याला पोचतोच. आपल्याला तर तिथे रिक्षानेही जाता येतं.

माझं मत विचाराल तर पुणे करारावर एक अख्खं सत्र घालवावं. ऑगस्ट १९३२च्या ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे आपले प्रतिनिधी फक्त आपल्याच मतांवर निवडायची सोय, दिली. त्याविरुद्ध गांधींनी २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केलं आणि २४ तारखेला करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. आकडे पाहिले तर डॉ. आंबेडकरांनी दुपटीहून जास्त मिळवलं. पण समोरचा माणूस प्राण पणाला लावून बसलेला असताना, आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर सूड कुणावर उगवला जाईल हे उघड असताना, दिलेल्या संमतीला संमती म्हणायचं का? अहिंसक साधनाचीही सक्ती होऊ शकते का? आमच्या सेमिनारमध्ये यावर आवाज चढले आणि ते चढायलाच हवे होते. ज्याला दोन्ही बाजू पटकन ‘बरोबर’ वाटतात, त्याने करारानंतरचं आंबेडकरांचं लेखन वाचलेलं नसतं.

इथे न्यायदर्शन, म्हणजे तर्क आणि वादपद्धतीचा विचार करणारं भारतीय दर्शन, कामाला येतं. त्यात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहणारी वितंडा. (तिसऱ्याची उदाहरणं पुण्यात शोधावी लागत नाहीत.) यातून मला जडलेली सवय तुम्हीही लावून घ्या. कोणत्याही तंट्यावर लिहिताना आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, लिहायचा, आणि तो असा की विरोधकानेही वाचून म्हणावं, ‘हो, मला हेच म्हणायचंय.’ हे जमेपर्यंत स्वतःचं मत कागदावर आणायचं नाही. माझ्या मते या शिक्षणातलं सर्वांत उपयोगी कौशल्य हेच, आणि सर्वांत कंटाळवाणंही.

प्रत्यक्ष पाहायचं म्हणाल, तर कोर्टातली मध्यस्थी बंद दाराआड आणि गोपनीय असते. विद्यार्थ्याला सहज बसू देत नाहीत. त्यापेक्षा हाऊसिंग सोसायटीची वार्षिक सभा बघा. पुनर्विकासाला बहुसंख्य सभासदांनी होकार दिलेला असतो आणि तळमजल्यावरचे एक काका सही करत नाहीत. सगळे म्हणतात, ‘काकांना जास्त कार्पेट एरिया हवाय.’ काकाही तेच म्हणतात! निवांत विचारलं की कळतं, काकूंचं डायलिसिस जवळच्या हॉस्पिटलात चालू आहे आणि तात्पुरतं घर लांब मिळालं तर न्यायचं कसं, ही त्यांची खरी चिंता. मागणी एक, गरज दुसरी. बहुमताने ठराव होतो, काकूंचा प्रश्न तसाच राहतो.

आता पगार. ‘शांतता अभ्यासक पाहिजे’ अशी जाहिरात क्वचितच दिसेल. माझ्या बरोबरीचे काही स्वयंसेवी संस्थांत गेले, काही कंपन्यांच्या तक्रार निवारणाच्या कामात, काही शिक्षक झाले. २०२३च्या मध्यस्थी कायद्यामुळे या क्षेत्राला बळ मिळालंय: मध्यस्थीतून झालेला लेखी समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणण्याची तरतूद त्यात आहे. लवाद निवाडा देतो. मध्यस्थ निवाडा देत नाही, हा फरक मुलाखतीत हमखास विचारतात. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रांसाठी साधारण ४० तासांचं प्रशिक्षण असतं, पण तिथे वकिलांचा भरणा मोठा. त्या वाटेने जायचं असेल तर एमएनंतर एलएलबीचा विचार करा. घरभाडं भरून आणखी तीन वर्षं शिकणं सगळ्यांना झेपत नाही, तेव्हा हा हिशोब प्रवेशाआधीच घरी बसून करा. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागेल. त्याची तयारी एमएच्या दुसऱ्या वर्षातच सुरू करा आणि सगळ्या विषयांना सामाईक असलेल्या पहिल्या पेपरला हलक्यात घेऊ नका. तत्त्वज्ञानवाल्यांचे गुण तिथल्या तक्त्यांत आणि गणितात जातात.