गाडीचं वॅक्स: कुठे ठेवावं, किती दिवस वापरावं

दसरा जवळ आला की ऑटो ॲक्सेसरीजच्या दुकानांत वॅक्सचे डबे भराभर विकले जातात. खंडेनवमीला गाडी चमकते, बोनेटवर हळद-कुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो आणि उरलेला डबा डिकीत, स्टेपनीच्या शेजारी जाऊन बसतो. पुढच्या दसऱ्याला तो उघडला की आत भेगाळलेली वाळकी चकती तरी निघते, नाहीतर वर तेल आणि खाली गाळ. मग दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडली जातात. कधीकधी ते खरंही असेल. पण मराठवाड्यात वॅक्सची वाट लावतं ते बहुतेक वेळा ऊन आणि नीट न बसलेलं झाकण. या दोन गोष्टी सांभाळल्या तर एक डबा तीन-चार दसरे आरामात काढतो.

आधी डब्यात काय आहे ते पाहा

दुकानात सगळ्यालाच ‘पॉलिश’ म्हणतात, पण ठेवण्याची पद्धत आतल्या मालावर ठरते. म्हणून लेबल वाचा.

पेस्ट वॅक्स म्हणजे चपट्या डब्यातलं घट्ट मेण. चांगल्या पेस्टमध्ये कार्नोबा असतं. ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर हे मेण धरतं. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे चांगलंच कडक. नुसतं कार्नोबा स्पंजवर उचलता येणार नाही. म्हणून त्यात पेट्रोलियमपासून काढलेला द्रावक, तेलं आणि इतर मऊ मेणं मिसळतात. डब्याचं आयुष्य या द्रावकावर अवलंबून असतं. द्रावक उडून गेला तरी मेण मेणच राहतं, फक्त पत्र्यावर पसरत नाही.

लिक्विड किंवा क्रीम वॅक्समध्ये बहुधा मेण, तेल आणि पाणी घुसळून एकजीव केलेलं असतं. उष्णतेने किंवा वर्षानुवर्षं पडून राहिल्याने ते फुटतं. स्प्रे वॅक्समध्ये तर पाणीच जास्त. सिंथेटिक सीलंटमध्ये नैसर्गिक मेणाऐवजी पॉलिमर असतात. सिरॅमिक कोटिंगची छोटी बाटली मात्र वेगळ्या जातीची आहे. ते कोटिंग हवेतल्या ओलाव्याने कडक होतं, त्यामुळे बाटली उघडली की उलटी गिनती सुरू.

किती दिवस टिकतं?

न उघडलेलं पेस्ट वॅक्स सावलीत राहिलं तर पाच वर्षं सहज टिकतं, कधी त्याहून जास्त. उघडल्यावर झाकण नीट बसवत गेलात तर दोन-तीन वर्षं काळजी नाही. लिक्विड वॅक्स आणि सीलंट बंद असताना साधारण दोन-तीन वर्षं, उघडल्यावर दीड-दोन वर्षं. स्प्रेचंही तसंच, पण पाण्यामुळे त्याचा भरवसा थोडा कमी. सिरॅमिक कोटिंग बंद बाटलीत वर्षभर आणि उघडल्यावर काही आठवडेच. कंपनीने डब्यावर वेगळी मुदत छापली असेल तर तीच धरा.

एक घोळ नेहमी होतो. डब्यावर ‘६ महिने संरक्षण’ असं लिहिलेलं असतं, ते लोकांना डब्याची मुदत वाटतं. तो आकडा गाडीवर चढवलेल्या थराचा असतो, डब्यातल्या मालाचा नव्हे. डब्याचं वय कळण्यासाठी उत्पादनाचा महिना आणि वर्ष शोधा. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे पाकीटबंद मालावर ही माहिती छापावीच लागते. ती खोडलेली किंवा वर दुसरं स्टिकर चिकटवलेलं दिसलं तर तो डबा घेऊ नका. दुकानदार तो काचेच्या शोकेसमध्ये, उन्हाच्या तिरपेत ठेवत असेल तर आतल्या कपाटातला मागा. मागायला संकोच कसला?

पायरी १: जागा ठरवा

सगळ्यात जास्त विचार इथेच करायचा, कारण आपल्याकडचा उन्हाळा साधा नाही. एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेड, जालना, बीडकडे पारा चाळीसच्या वर राहतो, काही दिवस ४३-४४ लाही टेकतो. बाहेर ४० असताना उन्हात उभ्या बंद गाडीच्या आतलं तापमान तासाभरात ६० च्या आसपास जातं. डिकी केबिनपेक्षा थोडी कमी तापते, पण वॅक्सचं नुकसान व्हायला तेवढं पुरतं. एवढ्या उष्णतेने कार्नोबा स्वतः वितळत नाही, पण द्रावक आणि तेल मिसळलेलं मिश्रण मऊ पडतं. रात्री ते पुन्हा घट्ट होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मऊ. असं रोज होत राहिलं की तेल सुटून वर येतं आणि द्रावकाची वाफ झाकणाच्या फटीतून निघून जाते. वाळकी चकती तयार होते ती अशी. म्हणून डिकी, डॅशबोर्डचा कप्पा, पत्र्याचं शेड, टेरेसवरची टाकीखालची जागा, ही सगळी ठिकाणं बाद.

मग ठेवायचं कुठे? घरातल्या उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीलगतच्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते, ती टाळा. माळ्यावर टाकायचा मोह होतो, पण माळा असतो स्लॅबच्या अगदी खाली. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. त्यापेक्षा दिवाणाचा खालचा खण बरा. जुनं माळवदाचं घर अजून टिकवून असाल तर प्रश्नच नाही. जाड भिंतींच्या आतल्या खोलीतला कोनाडा वॅक्सला एसीच्या गोडाऊनपेक्षा कमी मानवणार नाही.

कूलरच्या खोलीत गारवा असतो, पण दमटपणाही असतो. पत्र्याच्या डब्याच्या काठाला गंज धरतो, झाकण उघडताना त्याचे कण मेणात पडतात आणि पुढे तेच रंगावर ओरखडे काढतात. सिरॅमिकची बाटली तर कूलरच्या खोलीत अजिबात नको. कूलर असलेलीच खोली गार असेल तर डबा घट्ट झिपच्या पिशवीत घालून बंद कपाटात ठेवा.

फ्रीजमध्येही नको. डबा बाहेर काढला की त्यावर दव धरतं, ते पाणी आत जातं. शिवाय द्रावकाचा वास दुधाला लागतो आणि मग घरात जे होतं ते वेगळं सांगायला नको.

द्रावकाची वाफ पेट घेणारी असते, त्यामुळे गॅस सिलिंडर, देवघरातला दिवा आणि इन्व्हर्टरची बॅटरी यांच्यापासून डबा लांब हवा. लाइट जाण्याची सवय असल्याने आपल्या बहुतेक घरांत इन्व्हर्टरचा एक कोपरा असतो आणि उरलेलं सगळं सामान त्याच कोपऱ्यात जमतं. ती बॅटरी चार्ज होताना गरम होते, हायड्रोजन सोडते. तिथे वॅक्स ठेवणं धोक्याचं. शेतावरच्या खोलीत फवारणीच्या औषधांच्या रांगेत ठेवणंही चुकीचंच. घाईत हात चुकीच्या बाटलीवर पडायला वेळ लागत नाही.

थंडीची भीती मात्र नको. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी पाच अंशांखाली उतरतो, पण पाणी मिसळलेलं वॅक्स गोठण्याइतकी थंडी घरात पडत नाही. पेस्ट तेवढी कडक होते. स्पंज थोडा वेळ तळहातात दाबून धरा आणि मग मेणावर फिरवा.

पायरी २: उघडताना आणि बंद करताना

पहिल्यांदा झाकण उघडाल त्या दिवशी मार्करने डब्याच्या तळाला तारीख लिहा. झाकणावर लिहिलेली तारीख पुसून जाते.

स्पंज कोरडा आणि स्वच्छ असला पाहिजे. गाडी धुऊन लगेच ओल्या हाताने वॅक्स घ्यायची घाई सगळ्यांनाच असते. बोअरच्या पाण्याचे दोन थेंब डब्यात गेले तरी क्षार आणि गंज दोन्ही मागे राहतात. धुळीचं त्याहून वाईट. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत बारीक खर असते. ती स्पंजला लागून मेणात उतरली की पुढे प्रत्येक वेळी तुम्ही तीच खर गाडीवर घासत असता. एकदा वापरलेला, जमिनीवर पडलेला स्पंज परत डब्यात घालू नका. तो डब्याच्या झाकणाखाली कोंबून ठेवण्याची पद्धतही सोडा. कोमट पाण्यात साबणाने धुऊन, वाळवून वेगळ्या पिशवीत ठेवा. मायक्रोफायबरचं फडकं धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, त्याने पुसण्याची ताकद जाते.

काम झालं की डब्याचा काठ कोरड्या फडक्याने पुसा. काठावर मेण वाळलं की झाकण वरवर बसल्यासारखं दिसतं, पण फट राहते. बाकी सगळं विसरलात तरी एवढं करा. बाटल्या उभ्या ठेवा. स्प्रेचं नोझल ‘बंद’वर फिरवा, आणि महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर ते काढून फिल्टरच्या पाण्याने धुवा आणि बाटलीला साधं बूच लावा.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत वॅक्स ओतून ठेवू नका. पांढरट लिक्विड वॅक्स ताकासारखं दिसतं, आणि उन्हातून खेळून आलेली लेकरं विचारत बसत नाहीत.

पायरी ३: जुना डबा वापरावा की टाकावा?

आधी वास घ्या, पण नाक डब्यात खुपसू नका. लिक्विड किंवा स्प्रेला आंबूस, कुजका वास येत असेल तर त्यात जंतू वाढलेत. ते टाकून द्या. वास ठीक असेल आणि थर वेगळे झाले असतील तर बाटली मिनिटभर हलवा आणि दहा मिनिटं थांबा. एकजीव राहिलं तर वापरा. नासल्या दुधागत गुठळ्या दिसल्या तर वाट पाहू नका.

पेस्टला भेगा पडल्या, कडेपासून सुटली, एवढ्यावर ती टाकण्यासारखी होत नाही. झाकण सैल करून डबा परातीतल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पाण्याची पातळी डब्याच्या निम्म्यावर असू द्या. गॅसवर, तव्यावर मुळीच नको. कोणी सांगेल थोडं रॉकेल घाल, पेट्रोल घाल, थिनर घाल. असले सल्ले ऐकू नका. थिनरने तर गाडीच्या रंगालाच धोका.

थोडं मेण दोन बोटांत चोळून बघा. खरखर लागली तर डबा बाद. (रबिंग पॉलिश असेल तर त्यात घासणारी पूड मुद्दाम घातलेली असते, म्हणून पुन्हा लेबल.) नंतर दाराच्या खालच्या भागावर, सावलीत, थंड पत्र्यावर तळहाताएवढी जागा घेऊन पातळ थर द्या. पाच ते पंधरा मिनिटांत धुरकट पापुद्रा यावा आणि फडक्याने स्वच्छ निघावा. चिकट राहिला, पट्टे उमटले तर ते वॅक्स बाकी गाडीला लावू नका. निघाला तर त्यावर थोडं पाणी शिंपडा. थेंब गोल होऊन घरंगळले की वॅक्स जिवंत आहे.

हाच पाण्याचा प्रयोग आधीपासून वॅक्स असलेल्या गाडीवरही करता येतो. कार्नोबाचा थर साधारण एक ते तीन महिने आणि सीलंट चार-सहा महिने टिकतो. रोज उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर यातला कमी आकडा धरा. माझ्या मते पाऊस सुरू होण्याआधी एकदा आणि दसऱ्याला एकदा, एवढं घरच्या गाडीला पुरे.

घेताना आणि टाकताना

मोठा डबा स्वस्त पडतो असं दुकानदार सांगेल. २०० ग्रॅमचा पेस्टचा डबा एका गाडीला काही वर्षं पुरतो, कारण थर पातळच द्यायचा असतो. मोठा घेतलात तर अर्धा वाळून जाईल. सिरॅमिकची सर्वात लहान बाटली घ्या आणि शेजाऱ्याची गाडीही त्याच दिवशी उरकून टाका.

खराब झालेलं वॅक्स नालीत ओतू नका, कचऱ्यासोबत पेटवू नका. झाकण लावून, ओल्या कचऱ्यात न मिसळता घंटागाडीला वेगळं द्या आणि आत काय आहे ते कर्मचाऱ्यांना सांगा. रिकामा पत्र्याचा डबा पुसून खिळे-स्क्रू ठेवायला छान होतो. स्वयंपाकघरात मात्र तो नेऊ नका, कितीही धुतला तरी.