शो-रिंगमधून फॉक्सहंटिंगकडे: उडी नंतर, आधी थांबणं

व्हर्जिनियातल्या अप्परव्हिलचा घोड्यांचा शो १८५३ पासून भरतो, अमेरिकेतला सर्वांत जुना. तिथून गाडीने पंधरा मिनिटांवर मिडलबर्ग. एका गावात घोड्याची अयाळ वेणीत गुंफून आपण जजसमोर कॅंटर (मध्यम वेगाची धाव) करतो आणि दुसऱ्या गावाबाहेरच्या शेतांतून लोक कोल्ह्याच्या मागावरच्या शिकारी कुत्र्यांच्या, म्हणजे हाउंड्सच्या, मागे घोड्यावरून तासन् तास धावतात. ॲशबर्नकडच्या ओळखीतल्या दोघीतिघींनी मला हल्ली विचारलं, आमचे घोडे शोच्या हंटर डिव्हिजनमध्ये चांगले उड्या मारतात, येत्या हंगामात हंटच्या थेट फर्स्ट फील्डमध्ये (उड्या मारत सगळ्यांत पुढे जाणाऱ्या स्वारांच्या तुकडीत) गेलं तर चालेल ना? नाही चालणार. का नाही, ते नीट सांगते, कारण मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

शोमधला हंटर क्लास निघाला तो हंटच्या मैदानातूनच, पण आज दोन्हींचं नातं नावापुरतं उरलं आहे. रिंगमध्ये आठ-दहा अडथळे, बारा फुटांची मोजलेली ढांग, पाच ढांगांसाठी बहात्तर फूट अंतर, आणि दोन मिनिटांत सगळं संपतं. हंटमध्ये तीन-चार तास खोगिरावर असता. आजूबाजूला तीस-चाळीस घोडे, जमीन कधी गोठलेली तर कधी चिखलाची, आणि पुढे काय होणार हे कोल्हा ठरवतो. साडेतीन फुटांची उडी तुमच्या घोड्याला जमते, याला तिथे फारसं महत्त्व नाही. बहुतेक कूप (कुंपणावरचे उडीसाठीचे लाकडी अडथळे) तीन फुटांच्या आसपासच असतात. उडीवर अडणारे घोडे मी कमी पाहिलेत. अडतात ते चेकला.

चेक म्हणजे पाठलागातला थांबा: हाउंड्सना कोल्ह्याचा वास लागेनासा होतो, फील्डमास्टर (स्वारांच्या तुकडीचा म्होरक्या) हात वर करतो आणि अख्खं फील्ड जागच्या जागी थांबतं. दोन मिनिटं किंवा पंचवीस मिनिटं. त्याआधी घोडा दोन मैल चौखूर आलेला असतो, त्याच्या अंगातून वाफा निघत असतात, आणि आता त्याने गप्प उभं राहायचं असतं. इथे शोच्या घोड्याचा धीर सुटतो. पुढचे पाय आपटतो, कडेकडेने सरकतो, मागे रेटतो. मागे रेटलेला घोडा शेजारच्या घोड्याला लागतो, आणि नशीब वाईट असेल तर हाउंडला लाथ बसते. हंटमध्ये दुसऱ्या कुठल्याही गोष्टीची माफी मिळेल, हाउंडला लाथ बसल्याची मिळत नाही.

आता हे का होतं ते समजून घ्या. हे समजलं नाही तर बाकी काहीही करून उपयोग नाही.

शोच्या वॉर्म-अपमध्ये वीस घोडे असतात हे खरं. पण प्रत्येक जण आपापल्या दिशेने जात असतो, त्यामुळे घोड्याला तो कळप वाटतच नाही. हंटमध्ये सगळे एकाच दिशेने, एकाच वेगाने पळतात. घोड्याच्या डोक्यात त्याचा अर्थ एकच: कळप पळतोय, मागे राहिलास तर मेलास. वॉर्म-अपमधला शांतपणा इथे कामाला येत नाही. त्यात शोमधला स्वार सवयीने दोन्ही लगाम सारखे धरून ठेवतो. घोडा त्या ओढीवर मान टाकून अधिकच पुढे ढकलतो, आपण अधिक ओढतो, आणि उभ्या उभ्या त्याची नाडी उतरायच्या ऐवजी चढते. तिसरी गोष्ट आपल्या तयारीची. क्लासच्या आधी घोडा शांत व्हावा म्हणून आपण त्याला अर्धा तास लंज करतो, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवतो. हंटच्या सकाळी तेच केलंत तर पुढच्या तीन तासांची ताकद ट्रेलरपाशीच खर्च होते. रोज करत राहिलात तर घोडा तेवढा दमदार होतो आणि पुढच्या महिन्यात त्याला शांत करायला तासभर लागतो.

आणि चौथी, जी सगळ्यांत उशिरा कळते. हाउंड्सना हाकणारा हंट्समन फुंकतो त्या शिंगाचा आवाज आणि हाउंड्सचं भुंकणं ऐकलं की लगेच धावायचं असतं, हे घोडा दोन-तीन हंटमध्येच शिकतो. म्हणून 'चार वेळा ने, सवय होईल' हा सल्ला घातक आहे. सवय होते, पण ज्या अवस्थेत तुम्ही त्याला नेता त्या अवस्थेची होते. उकळत नेलात तर उकळायची सवय होते. माझी घोडी पहिल्या हंगामात इथेच अडकली होती. एकाही कूपवर तिने नकार दिला नाही, पण चेक आला की तिच्या मानेवर फेस यायचा, आणि प्रत्येक आठवड्याला ती आधीच्या आठवड्यापेक्षा लवकर पेटायची. उत्तर होतं ते कमी आणि हळू जाण्यात, आणि सांगणारे सगळे म्हणत होते आणखी जा.

काम उन्हाळ्यात करायचं. तीन-चार मैत्रिणी जमवा आणि मोकळ्या शेतात फक्त चालायला न्या. सगळ्यांनी थांबायचं. मग एकीने दुडक्या चालीने पुढे निघून जायचं, बाकीच्यांनी उभं राहायचं. मग दुसरीने. शेवटी तुमच्या घोड्याने एकट्याने मागे थांबायचं आणि बाकी सगळ्या टेकडीपलीकडे जायच्या. लगाम सैल. तो चुळबुळला तर दोन्ही हातांनी ओढू नका, एका लगामाने लहान वळण घ्या आणि वळण संपताच हात पुन्हा सैल सोडा. पन्नास वेळा करावं लागलं तर पन्नास वेळा करा. थांबला की खाली उतरा, चरू द्या, खोगिराचा पट्टा सैल करा. थांबण्याची जागा ही विश्रांतीची जागा आहे, एवढंच त्याला शिकवायचं आहे. हे ज्या दिवशी नुसत्या चालीत जमेल त्यानंतर दुडकीत, मग कॅंटरमध्ये. चालीत जमत नसताना कॅंटरमध्ये करून बघू नका, काही मिळत नाही.

याच दिवसांत हाउंड वॉक असतात. जुलै-ऑगस्टमध्ये हंट्समन आणि त्याचे व्हिपर-इन (मदतनीस) पहाटे हाउंड्सना फिरवायला काढतात, आणि बहुतेक हंट नव्या लोकांना पायी यायला बोलावतात. जा. आधी घोड्याशिवाय जा. शोमधून येणाऱ्या आपल्या लोकांना घोडा सोडून काही दिसतच नाही, आणि हा खेळ मुळात हाउंड्सचा आहे. १९०५ साली व्हर्जिनियाच्या याच पीडमाँट मुलखात हॅरी वॉर्सेस्टर स्मिथने आपले अमेरिकन हाउंड्स आणि हेन्री हिगिन्सनने आपले इंग्लिश हाउंड्स समोरासमोर उतरवले. कोणत्या जातीचे हाउंड्स इथल्या रानात सरस ठरतात याची ती पैज होती आणि कौल अमेरिकन हाउंड्सच्या बाजूने लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, मास्टर्स ऑफ फॉक्सहाउंड्स असोसिएशन उभी राहिली. हे नुसतं जुनं काही म्हणून सांगत नाही. हंट निवडताना त्यांच्याकडे कुठले हाउंड्स आहेत हे आजही विचारावं. पेन-मेरीडेल जातीचे हाउंड्स नाकाने तीक्ष्ण, आवाजाने भारदस्त आणि चालीने जरा सावकाश. ते ज्यांच्याकडे आहेत तिथे नवा घोडा कमी पेटतो. मला हे माहीत असतं तर माझी सुरुवात तिथेच झाली असती.

सप्टेंबरमध्ये कबिंग (मुख्य हंगामाआधीच्या सरावाच्या हंट) सुरू झालं की थर्ड फील्डमध्ये जा, म्हणजे हिलटॉपर्समध्ये. तिथे उडी नाही, चाल आणि दुडकी. उंचावरून हाउंड्सचं काम सगळ्यांत छान तिथूनच दिसतं. शोमध्ये रिबन घेतलेल्या लोकांना यात कमीपणा वाटतो. वाटू देऊ नका. तासाभराने, घोडा अजून शांत असतानाच, फील्डमास्टरला सांगून परत फिरा. निघताना मास्टरला (हंटच्या प्रमुखाला) 'गुड नाइट' म्हणायचं, सकाळचे दहा वाजले असले तरी. घोडा बिघडल्यावर घरी नेलात तर बिघडल्यावर घर मिळतं हे तो शिकतो, म्हणून वेळेवर निघणं महत्त्वाचं. चेकला लगाम सोडल्यावर तो मागचा एक पाय सैल टाकून उभा राहायला लागला की सेकंड फील्डचा विचार करा. त्याआधी नाही, मैत्रिणी कितीही पुढे गेल्या तरी. माझ्या घोडीला तिथवर यायला पुढचा हंगाम उजाडला. पण आली, आणि आता ती चेकला डुलकी काढते. तुमचीही येईल. ज्या घोड्यांच्या नशिबी हे नसतंच असे फार थोडे असतात, आणि तेही शोमध्ये सुखाने राहतात.

उडीबद्दल थोडक्यात. ढांगा मोजू नका. कूपसमोर योग्य अंतर शोधत हात आवळलात की घोडा तापतो आणि मागचे आठ जण खोळंबतात. एकसारख्या लयीत या, खोगिरात जरा मागे बसा, उतारावर लगाम बोटांतून सरकू द्या. पुढच्या घोड्यामागे पुरेसं अंतर ठेवा. तो पडला तर तुम्हाला थांबता आलं पाहिजे. नकार मिळाला तर बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचं, जागेवरच पुन्हा प्रयत्न करायचा नाही.

सामानात एक गोष्ट नक्की बदला. शो-हंटरला लावतो ते स्टँडिंग मार्टिंगेल (डोकं खाली धरून ठेवणारा पट्टा) नदी-ओढ्यात घोड्याला मान वर काढू देत नाही, ते काढून ब्रेस्टप्लेट (छातीचा पट्टा) लावा. बिट (घोड्याच्या तोंडातली लगामाची कडी) थोडा अधिक जोराचा लागेल, त्यातला पेल्हम हा प्रकार बऱ्याच जणांना चालतो, पण शेजारणीच्या घोड्याचा बिट बघून आपला घेऊ नका. केस कापताना पायांवरचे आणि खोगिराखालचे ठेवा, काटे आणि घर्षण यांपासून तेच वाचवतात. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत, नव्याला हिरवी. कबिंगला ट्वीडचा कोट, ओपनिंग मीटपासून, म्हणजे मुख्य हंगामाच्या पहिल्या दिवसापासून, काळा कोट आणि गळ्यात बांधायचा स्टॉक टाय. बाकी कपड्यांचं तुम्हाला हंटमधल्या बायका सांगतीलच, न विचारता.

दम मात्र घरीच वाढवावा लागतो. दहा-बारा आठवडे आधीपासून लांब, संथ फेऱ्या, चढ-उतारावर. बसल्या जागी घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. मेहनतीनंतर दहा-पंधरा मिनिटांत ती साठीच्या आसपास उतरत नसेल तर घोडा तयार नाही. स्टेथोस्कोप स्वस्त आहे, घ्या.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. शांत करणाऱ्या पेस्टच्या नळ्या ट्रेलरमध्ये ठेवून हंटला जाऊ नका. गुंगीतला घोडा ओढ्यावर पाय चुकवतो. आणि ज्या ट्रेनरने स्वतः डिसेंबरच्या थंडीत चार तास फील्डमध्ये काढलेले नाहीत, तो कितीही मोठ्या शोचा असो, त्याच्या शब्दावर हंटसाठी घोडा विकत घेऊ नका. माझ्या अनुभवात सर्वांत खरा सल्ला मिळतो तो थर्ड फील्डमधल्या सत्तरीच्या बायकांकडून. त्यांनी तीन-चार घोडे हंटमध्ये म्हातारे केलेले असतात. शक्य असेल तर पहिल्या काही वेळा हंटचा सरावलेला घोडा भाड्याने घ्या. खर्च होईल, पण घोडा चेकला कसा उभा राहायला हवा हे अंगाला कळेल, आणि मग आपल्या घोड्याला तेच शिकवता येईल.

घरी सांगाल तेव्हा आई विचारेलच: कोल्ह्याला मारतात का? स्वतःला हा प्रश्न आधीच विचारा. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने, २००५ च्या फेब्रुवारीपासून, हाउंड्सनी कोल्ह्याचा असा माग काढणं बंद आहे. अमेरिकेत ते चालतं, पण भर पाठलागावर असतो. कोल्हा बिळात शिरला की हंट्समन हाउंड्सना परत बोलावतो. तरीही कधीतरी कोल्हा किंवा कोयोटी (लांडग्याच्या जातकुळीतला प्राणी) मारला जातो, आणि तसं होत नाही असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. मला त्याचं ओझं वाटतं, आणि तरी मी जाते. तुम्हाला नाही पटलं तर ड्रॅग हंट आहेत: आधी ओढून ठेवलेल्या वासामागे हाउंड्स धावतात, प्राणी नसतोच. पण ड्रॅगला वेग जास्त आणि उड्याही जास्त, म्हणून नवख्या घोड्यासाठी तो सोपा आहे असं समजू नका.

ज्या शेतांवरून जातो ती कोणाची तरी आहेत. फाटक शेवटच्याने बंद करायचं, पेरलेल्या शेताच्या कडेने जायचं, काही मोडलं तर त्याच दिवशी सांगायचं. आपल्या लाउडन काउंटीत घरं आणि डेटा सेंटर ज्या वेगाने वाढताहेत ते आपण रोज पाहतो. एका शेतकऱ्याने परवानगी काढून घेतली तर हंटचा अख्खा पट्टा तुटतो.

तेव्हा जूनमध्येच हंटच्या सेक्रेटरीला फोन करा. हाउंड वॉकच्या तारखा विचारा, पाहुण्याची कॅप फी (एका दिवसाच्या सहभागाची फी) किती ते विचारा, कॉगिन्स टेस्टचा (घोड्यांच्या संसर्गजन्य ॲनिमियासाठीच्या रक्तचाचणीचा) कागद ताजा ठेवा. आणि मी शो-रिंगमधून येतेय, घोडा चेकला उभा राहील की नाही माहीत नाही, हे स्पष्ट सांगा. ते तुम्हाला कोणामागे ठेवायचं ते बघतील.