डोळे मिटून आपलीच वेबसाइट वापरून बघा

वेबसाइट बनवणाऱ्या सगळ्यांना मनापासून सांगतोय, न दिसणाऱ्यांना आणि कमी दिसणाऱ्यांना आपली साइट वापरता येते का ते स्वतः तपासा. आधी माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस एवढ्यावर आपली साइट चालवून बघा. आत्ता कुठल्या लिंकवर आहोत ते दिसतंय का, मेनू उघडतोय का, पॉपअप एस्केप दाबून बंद होतो का की आतच अडकायला होतं? ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांना माउसचा पॉइंटर कुठंय तेच कळत नाही, सगळं काम कीबोर्डवर, त्यामुळे तिथे अडलं की त्यांच्यासाठी साइट बंदच. आणि आत्ता कुठे आहोत ते दाखवणारी ती फोकसची चौकट 'चांगली दिसत नाही' म्हणून सीएसएसमधून काढून टाकतात ना, प्लीज नका काढू, कमी दिसणाऱ्यांना तोच आधार असतो.

मग स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर, चालू करा. विंडोजवर एनव्हीडीए फुकट मिळतो, आयफोन आणि मॅकवर व्हॉइसओव्हर आधीच असतो, बहुतेक अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असतो. डोळे मिटा आणि आपलाच एखादा फॉर्म भरा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा स्वतःच बनवलेल्या फॉर्मवर केलं. दिसायला एकदम स्वच्छ फॉर्म होता, पण कानावर काय आलं तर 'एडिट, ब्लँक', टॅब, परत 'एडिट, ब्लँक'. नाव कुठे टाकायचं, फोन कुठे, काही पत्ता नाही, कारण शेजारी लिहिलेली अक्षरं नुसती शेजारी होती, लेबल टॅग लावून रकान्याला जोडलेलीच नव्हती. अंदाजाने भरलं तर सबमिटचं बटन सापडेना! ते डिव्हला, म्हणजे नुसत्या चौकोनी खोक्याला, क्लिक लावून केलेलं, टॅब त्याच्यावर थांबतच नाही. दोन्ही गोष्टी दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही, खरा लेबल टॅग आणि खरा बटन टॅग, बस. बटनावर नुसता आयकॉन असेल तर त्याच्या टॅगमध्ये एरिया-लेबल (aria-label) टाकून त्याचं काम लिहा, नाहीतर फक्त 'बटन' एवढंच ऐकू येतं. चूक झाली की नुसती लाल कड दाखवू नका, काय चुकलं ते शब्दात लिहा, तो मेसेज एरिया-डिस्क्राइब्डबायने (aria-describedby) त्या रकान्याला जोडा आणि फोकस तिथे न्या.

हेडिंगचंही तसंच. स्क्रीन रीडरवाले पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसत नाहीत, एनव्हीडीएमध्ये एच दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उड्या मारतात, आपण नजर फिरवतो तसं. नुसतं मोठं आणि बोल्ड केलेलं त्यांच्यासाठी हेडिंग नसतंच, एच१, एच२ टॅगच लागतात.

फोटोंना ऑल्ट, म्हणजे फोटोऐवजी वाचून दाखवला जाणारा मजकूर, द्या, पण तो फोटो तिथे कशासाठी आहे ते लिहा. आलेख असेल तर 'आलेख' लिहून काय उपयोग, त्यातून काय कळतं ते सांगा. नुसती शोभेची नक्षी असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, पण ठेवाच, गाळू नका.

मराठी पानाला एचटीएमएल टॅगमध्ये लँग म्हणून 'एमआर' टाका, नाहीतर मराठी आवाज असूनही रीडर भलत्याच भाषेच्या आवाजात वाचू शकतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये करून घ्या, तो डोळ्यांना मराठी दिसतो पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, ऐकायला नुसती बडबड.

कमी दिसणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा त्रास म्हणजे ती फिकट राखाडी अक्षरं. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यांची एए पातळी सांगते की साध्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. पांढऱ्यावर #९९९९९९ टाकलं तर जेमतेम २.८५ भरतं, #७६७६७६ काठावर पास होतं. ब्राउझर ४०० टक्के झूम करून बघा, ओळ वाचायला आडवं सरकावं लागत असेल तर लेआउट सुधारा. मोबाइलवर झूम अडवणारी व्ह्यूपोर्टची सेटिंग तर आजच काढा.

तपासणारी टूल्स ऑल्ट आहे की नाही ते सांगतात, तो बरोबर आहे का ते नाही सांगत. म्हणून शेवटी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला, रीतसर पैसे देऊन, साइटवरचं एक काम पूर्ण करायला सांगा, शेजारी बसा, मध्ये बोलू नका आणि ती जिथे जिथे थांबते ते लिहून घ्या.