अमेरिकेतल्या राज्याच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज करताय? या चुका टाळा

अर्ज लिहायला बसलं की बहुतेकांचा हात जोडीदाराने काय काय केलं यावरच चालतो. पानंच्या पानं भरतात. खरं तर अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात आता कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो. कॅलिफोर्नियाच्या एफएल-१०० फॉर्मवर तर ‘मतभेद मिटण्यासारखे नाहीत’ या अर्थाच्या चौकटीत खूण केली की झालं. केस अडते ती भलतीकडेच.

आधी कोर्ट नीट निवडा. न्यूयॉर्कमध्ये फॅमिली कोर्ट घटस्फोट देत नाही, तिथे सुप्रीम कोर्टात जावं लागतं. नाव दणदणीत असलं तरी ते तिथलं खटला चालवणारं साधं कोर्टच आहे. लग्न भारतात झालं म्हणून काही बिघडत नाही, नागरिकत्वही लागत नाही. लागतं ते वास्तव्य: कॅलिफोर्नियात दोघांपैकी एकाचं राज्यात ६ महिने आणि काउंटीत (राज्याच्या आतल्या जिल्ह्यासारख्या भागात) ३ महिने, टेक्सासमध्ये राज्यात ६ महिने आणि काउंटीत ९० दिवस. कॅलिफोर्नियात नुकतेच आला असाल तर आधी कायदेशीर विभक्ततेचा, म्हणजे लग्न न मोडता कोर्टामार्फत वेगळं होण्याचा, अर्ज करता येतो. त्याला ही अट नाही. मुदत भरली की तोच अर्ज दुरुस्त करून घटस्फोट मागायचा.

सगळ्यात जास्त घोळ कागद बजावताना होतो. एकाच घरात राहतोय म्हणून अर्जाची प्रत स्वतःच जोडीदाराच्या हातात ठेवली, तर ती बजावणी धरली जात नाही. कॅलिफोर्नियात हे काम खटल्यात पक्षकार नसलेल्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीने करायचं आणि एफएल-११५ या बजावणीच्या दाखल्याच्या फॉर्मवर तारीख, वेळ, ठिकाण लिहून सही करायची. मित्राला सांगितलंत तर ती सही विसरू देऊ नका. जोडीदार भारतात असेल तर व्हॉट्सअ‍ॅप, कुरिअर, रजिस्टर्ड पोस्ट यांच्या भरवशावर राहू नका. परदेशात कोर्टाचे कागद बजावण्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय हेग करारात सामील होताना भारताने टपालाने बजावणीला हरकत नोंदवली आहे. कागद दिल्लीच्या कायदा मंत्रालयामार्फत जातात आणि त्याला महिने लागतात.

समन्स तुमच्याच हातात पडलं असेल तर ‘बघू नंतर’ म्हणू नका. कॅलिफोर्नियात उत्तराला ३० दिवस. टेक्सासमध्ये २० दिवस उलटल्यावर येणाऱ्या सोमवारी सकाळी १० पर्यंत.

‘सहा महिने झाले, म्हणजे घटस्फोट झाला’ हा कॅलिफोर्नियातला लाडका गैरसमज. ती फक्त किमान मुदत, तीही बजावणीपासून मोजली जाणारी. समोरच्याने उत्तर दिलं नाही तरी ‘उत्तर आलेलं नाही’ असा वेगळा अर्ज करावा लागतो. न्यायाधीशांच्या सहीचा निकाल नोंदला जात नाही तोवर तुम्ही विवाहितच.

मालमत्तेच्या यादीत इकडचं सगळं येतं, पुण्याचा फ्लॅट आणि पीपीएफ मात्र गळतात. तेही लिहा. नंतर उघडकीला आलं तर फार महागात पडतं. ४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्ती-बचत योजना, वाटून घ्यायची असेल तर नुसता निकाल पुरत नाही, योजनेसाठी वेगळा कोर्ट आदेश लागतो. एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या एच-१बी सारख्या कामाच्या व्हिसावर अवलंबून, असलेल्यांनी अर्ज करण्याआधीच इमिग्रेशन वकिलाला गाठावं, कारण निकाल लागला की तो दर्जा संपतो.

भारतात हिंदू पद्धतीने लग्न झालेल्यांचा आणखी एक पेच आहे. १९९१ मध्ये नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मिसुरीतल्या कोर्टाचा घटस्फोट मानला नाही. तो ज्यावर दिला गेला ते ‘संसार मोडला’ एवढं कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. मात्र समोरच्याची संमती असेल तर निकाल ग्राह्य धरता येतो, असंही त्याच निकालात म्हटलंय. म्हणून दोघं राजी असाल तर तसं निकालपत्रात स्पष्ट लिहून घ्या, दोघांच्या सह्या घ्या आणि प्रमाणित प्रतीवर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयातून अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून ठेवा.