लांबलेली कावीळ आणि बाळाच्या पित्तनलिका: या चुका टाळा

बाळ दोन आठवड्यांचं झालं, डोळे अजून पिवळे आहेत, तर बायलरी अट्रेसिया, म्हणजे पित्तनलिका बंद पडण्याचा आजार, सुटू नये म्हणून बिलिरुबिनचे (काविळीच्या पिवळ्या रंगद्रव्याचे) दोन आकडे हवेत: टोटल, म्हणजे एकूण, आणि डायरेक्ट, म्हणजे यकृताने प्रक्रिया करून पित्तात सोडायचा भाग. रेसिडेंटना हे सांगून सांगून माझा घसा बसला, तरी दुसरीकडून आलेल्या कागदांवर नुसतं टोटल असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘आईच्या दुधाची कावीळ आहे, थांबू या’. अशी कावीळ असते, नाही असं नाही. पण तिच्यात वाढतं ते इनडायरेक्ट, म्हणजे यकृताने प्रक्रिया न केलेलं. डायरेक्ट न पाहता हे निदान करणं म्हणजे निव्वळ अंदाज. डायरेक्ट एक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की कारण शोधायचंच, मग बाळ कितीही गुटगुटीत असो.

गुटगुटीतपणानेच सगळे फसतात. आमच्याकडे एक बाळ पावणेतीन महिन्यांचं होऊन आलं. वजन उत्तम, हसरं. आधी दोन ठिकाणी दुधाची कावीळ म्हणून परत पाठवलेलं. मध्ये आईचं दूध बंद करून पाहिलेलं, कोवळं ऊन दाखवलेलं. लसीकरणाच्या वेळीही कोणी लंगोट उघडला नाही. आजी मात्र पहिल्यापासून म्हणत होती, ‘याच्या शूचे डाग पिवळे पडतात.’ तान्ह्या बाळाची शू जवळजवळ बिनरंगी असते, त्यामुळे आजीचं म्हणणं बिनचूक होतं. फाइलवर मात्र ‘शी: पिवळी’. मी लंगोट मागवला. वरून पिवळसर झाक होती खरी, पण लाकडी पट्टीने शी फोडली तर आत पांढरट मातीचा रंग, म्हणजे शीला पिवळा रंग देणारं पित्त आतड्यात पोचतच नव्हतं. काविळीने पिवळ्या झालेल्या आतड्याच्या पेशी गळून शीला चिकटतात, त्यामुळे वरवर पाहणारा चकतो. यकृत तोवर हाताला टणक लागत होतं. निदान बायलरी अट्रेसिया. पित्ताला आतड्यात वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया केली, पित्त उतरलं नाही, आणि पहिल्या वाढदिवसाआधीच प्रत्यारोपण करावं लागलं.

म्हणून माझी सवय: शीचा रंग विचारायचा नाही, बघायचा. ‘पिवळी’ म्हणजे प्रत्येकाच्या मनात वेगळा रंग. तैवानने 2004 पासून देशभर पालकांच्या हाती शीच्या रंगांचं कार्ड दिलं, ते उगाच नाही. फोनवरच्या फोटोवर मी विसंबत नाही.

बायलरी अट्रेसियात यकृताबाहेरच्या पित्तनलिका आक्रसून बंद होतात. जपानच्या मोरिओ कासाई यांनी 1950च्या दशकात आणलेल्या शस्त्रक्रियेत ती वाळलेली नलिका काढून आतड्याचा भाग थेट यकृताच्या दाराशी जोडतात. साठ दिवसांच्या आत केली तर पित्त वाहण्याची शक्यता चांगली, त्याहून लवकर तर आणखी चांगली. घड्याळ जन्मापासून चालू असतं, तुमच्या ओपीडीच्या तारखेपासून नाही.

आणि तरीही तपासण्या एकामागून एक, रांगेत लावतात. ही माझी दुसरी चीड. ‘सोनोग्राफीत नलिका फुगलेल्या नाहीत, म्हणजे अडथळा नाही’ हे मोठ्या माणसांचं गणित आहे. अट्रेसियात नलिका सहसा फुगतच नाहीत. पित्ताशय दिसलं म्हणजे सुटलो, असंही नाही. आणि बाळाला चार तास उपाशी न ठेवता केलेली सोनोग्राफी मी पुन्हा करायला लावतो. हिडा स्कॅनमध्ये शिरेतून दिलेलं किरणोत्सारी औषध पित्तावाटे आतड्यात उतरतं का ते बघतात, आणि त्याआधी पाच दिवस पित्ताचा प्रवाह वाढवणारं फेनोबार्बिटल द्यायचं. स्कॅनचं औषध आतड्यात उतरलं तर अट्रेसिया बहुतेक नाहीच. उतरलं नाही तर हिपॅटायटिसही (यकृताची सूज) असू शकतो, म्हणजे पाच दिवस घालवून आपण जिथल्या तिथे. बाळ पन्नास दिवसांचं असेल तर मी या वाटेला जात नाही. यकृताची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करतो, आणि शंका राहिली तर ऑपरेशनच्या टेबलावरच पित्तनलिकांत डाय सोडून एक्स-रे फोटो. डाय पुढे सरकला तर पोट बंद, नाही तर त्याच बैठकीत कासाई. एका रक्ततपासणीत उत्तर हवं असणाऱ्या उतावळ्यांना हे जड जातं.

सीएमव्ही (यकृताला सूज आणू शकणारा एक विषाणू) पॉझिटिव्ह आला म्हणून शोध थांबवू नका, तो आणि अट्रेसिया दोन्ही एकत्र असू शकतात.

अर्सो (पित्त पातळ करण्यासाठी देतात ते औषध) लिहून ‘दोन आठवड्यांनी या’ म्हणणं हा उपचार नाही, वेळकाढूपणा आहे.

डायरेक्ट वाढलेल्या बाळाला फोटोथेरपी (निळ्या दिव्यांखालचा उपचार) दिली तर कातडी काळपट तांबूस होते, फायदा शून्य.

गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर न पचण्याचा जन्मजात आजार) आणि थायरॉइड यांच्यामुळेही कावीळ लांबते, त्यांच्या तपासण्या बाळ तुमच्याकडे येईल त्या पहिल्याच दिवशी पाठवा. त्यांचा इलाज शस्त्रक्रियेविना होतो.

रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के विसरू नका. पित्ताशिवाय ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि मेंदूत रक्तस्राव झाल्यावर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) पाठवून काय साधणार? इंजेक्शनच द्या, बायोप्सीच्या आधी तर नक्कीच.

शस्त्रक्रियेनंतर घरी पाठवताना पालकांना मी एकच गोष्ट तीनदा म्हणायला लावतो: ताप आला किंवा शी पुन्हा फिकी झाली तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री यायचं. कासाईनंतरचा ताप हा दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत पित्तनलिकांचा जंतुसंसर्गच, आणि त्याला शिरेतून अँटिबायोटिक लागतं.